जुन्या एमएक्स-५ ची सीट आणि आतलं ट्रिम काढायचंय? आधी पाण्याचा माग काढा

प्रश्न थोडक्यात असा आहे. इंग्लंडमध्ये लेस्टरला राहणाऱ्या एका वाचकाने जपानहून आयात झालेली १९९२ सालची युनोस रोडस्टर, म्हणजे पहिल्या पिढीची माझदा एमएक्स-५, घेतली आहे. गाडी उत्तम चालते, पण आत कुबट वास येतो आणि सीटमागचं कार्पेट हाताला ओलं लागतं. सीट, मधला कन्सोल, दारांची पॅडं आणि जुनं कार्पेट काढून नवं कार्पेट टाकायचं आहे. हे घरी जमेल का, कुठल्या क्रमाने काढायचं आणि काय मोडायची भीती आहे, असं विचारलं आहे.

जमेल. या गाडीचं आतलं काम साध्या हत्यारांनी होतं आणि दोन सीट, एक कन्सोल, दोन दारं एवढाच पसारा आहे. पण नवं कार्पेट अजून मागवलं नसेल तर मागवू नका. कार्पेट ओलं आहे म्हणजे पाणी कुठून तरी आत येतंय. ते थांबवल्याशिवाय टाकलेलं कार्पेट पहिल्या पावसाळी हिवाळ्यातच तसंच कुबट होईल, आणि तोवर त्याच्याखालचा पत्रा आणखी गंजेल. म्हणून हे काम सजावटीचं न समजता तपासाचं समजा. प्रत्येक तुकडा काढला की तो कुठे ओला आहे, कुठे डाग आहे, कुठे गंज आहे हे बघा आणि फोटो घ्या. पाण्याचा माग सापडला की मग पुढचं काय काढायचं ते आपोआप ठरतं. बऱ्याच गाड्यांमध्ये डॅशबोर्डला हात लावायची गरजच पडत नाही, आणि गरज नसताना तो उघडूच नये असं माझं स्पष्ट मत आहे. तीस वर्षांहून जुनं प्लास्टिक जितक्या कमी वेळा हलवाल तितकं बरं.

काहीही सोडवण्याआधी गाडीत बसून दोन्ही बाजूंना हात फिरवा. सीटमागचा वरचा कट्टा आणि त्याखालची उभी भिंत ओली असेल, तर पाणी घडीच्या कापडी टपाच्या मागच्या कडेकडून येतंय. पायापाशी, विशेषतः डाव्या म्हणजे प्रवाशाच्या बाजूला ओल असेल, तर कारणं वेगळी: काचेखालच्या जाळीत पानं अडकून ब्लोअरमधून पाणी उतरणं, एसी असेल तर त्याची पाणी सोडणारी नळी तुंबणं, किंवा हीटरची जाळी गळणं. शेवटचं ओळखायला सोपं आहे. ते पाणी नसतं, कूलंट म्हणजे इंजिन थंड ठेवणारं द्रव असतं. हाताला चिकट लागतं, गोडसर वास येतो आणि हीटर लावल्यावर काचेवर धुकं धरतं. फक्त गुडघ्यावर थेंब पडत असतील तर काचेच्या वरच्या कोपऱ्यातलं रबर बघा. दाराच्या तळाशी, कार्पेटच्या बाहेरच्या कडेला ओल असेल तर दाराच्या आतला प्लास्टिकचा पडदा फाटलेला असतो. त्याबद्दल पुढे सांगतो.

तुमच्या वर्णनावरून पहिला संशय मागच्या ड्रेनवर, म्हणजे पाणी बाहेर सोडणाऱ्या वाटेवर आहे. या गाडीच्या कापडी टपाच्या मागच्या कडेखाली आतून एक पन्हळ असते. टपावरून ओघळून आत येणारं पाणी त्या पन्हळीत पडतं, दोन्ही टोकांना वाहत जातं आणि सीटबेल्टच्या खांबामागे असलेल्या भोकातून रबरी नळीने खाली उतरतं. ते मागच्या चाकाच्या थोडं पुढे रस्त्यावर पडतं. झाडाखाली उभी राहणारी गाडी असेल तर त्या भोकात पानं, माती, टपाच्या कापडाचे धागे असा लगदा बसतो. मग पाणी काठावरून सांडतं. काही कार्पेटवर येतं आणि उरलेलं दाराखालच्या पोकळ सिलमध्ये जातं. या पिढीच्या गाड्या मागच्या चाकाच्या पुढे सिलमध्येच गंजतात, त्यामागचं मोठं कारण हेच. गाडी हळू चालवून ब्रेक मारल्यावर दाराखालून पाणी डचमळल्याचा आवाज येत असेल, तर सिलमध्ये पाणी साठलंय हे नक्की समजा.

तपासणी सोपी आहे. टप खाली करा. खाली करण्याआधी मागची प्लास्टिकची खिडकी चेन उघडून सपाट ठेवा, नाहीतर थंडीत ती घडीवर तडकते. बेल्टच्या खांबामागे टॉर्च मारा, भोक दिसेल. त्यात कपभर पाणी हळूहळू ओता आणि कुणाला तरी मागच्या चाकापुढे खाली बघायला सांगा. पाणी लगेच खाली आलं तर ती बाजू मोकळी. वर तुंबून राहिलं तर गवत कापायच्या यंत्रातली जाड नायलॉनची दोरी, टोक घासून गोल करून, हलक्या हाताने फिरवत आत घाला. लोखंडी तार खुपसू नका. नळी रबराची आहे आणि नुसती अडकवलेली असते. तार जोरात घातली की ती आतल्या आत निसटते आणि मग सगळं पाणी थेट सिलमध्ये जायला लागतं. दोन्ही बाजू मोकळ्या असूनही मागे ओल येत असेल, तर ती पन्हळच फाटलेली असते, बहुधा कोपऱ्यात, जिथे टप उघडताना ती रोज दुमडते. ती बदलायला कार्पेट आणि टपाच्या कडेच्या पट्ट्या काढाव्या लागतात, म्हणजे तुमचं काम तिथपर्यंत जाणार.

आता हत्यारं. १०, १२, १४ आणि १७ मिलिमीटरचे सहाकोनी सॉकेट, एक लांब दांडा, एक्स्टेन्शन, नायलॉनच्या ट्रिम उचकायच्या पट्ट्या, गंज सोडवणारं तेल आणि टॉर्क पाना, म्हणजे बोल्ट ठरावीक जोरानेच आवळणारा पाना. बाराकोनी सॉकेट इथे वापरू नका, गंजलेल्या बोल्टाचं डोकं गोल होतं. आणि एक गोष्ट अशी आहे की जिच्याकडे बहुतेक जण दुर्लक्ष करतात: या जपानी गाडीतले चौफुली स्क्रू जेआयएस, म्हणजे जपानी औद्योगिक मानकाच्या मापाचे आहेत. नेहमीचा फिलिप्स स्क्रूड्रायव्हर त्यात वरवर बसल्यासारखा वाटतो, पण जोर लावला की उसळून बाहेर येतो आणि डोकं खराब करतो. अनेक जेआयएस स्क्रूंच्या डोक्यावर एक बारीक ठिपका असतो, त्यावरून ते ओळखता येतात. जेआयएसचा दोन नंबरचा एक चांगला स्क्रूड्रायव्हर विकत घ्या. या संपूर्ण कामात तेवढ्या खर्चाइतका उपयोगी खर्च दुसरा नाही.

क्लिपाही आधीच आणून ठेवा. दाराच्या पॅडाच्या आणि मागच्या कार्पेटच्या प्लास्टिक क्लिपा काढताना काही तुटणारच, त्यात तुमचा दोष नाही, त्यांचं वय झालंय. काम थांबवून क्लिपांची वाट बघण्यापेक्षा पाकीट हाताशी असलेलं बरं. प्रत्येक भागाचे स्क्रू वेगळ्या पिशवीत, पिशवीवर नाव, आणि काढण्याआधीचा फोटो. कन्सोलचे आणि पट्ट्यांचे स्क्रू दिसायला सारखे असले तरी लांबी वेगळी असते. चुकीच्या जागी लांब स्क्रू गेला तर प्लास्टिक फोडून पलीकडे निघतो.

हवामानाचा विचार करा. पाच अंशांच्या गॅरेजमध्ये हे प्लास्टिक काचेसारखं तडकतं. गाडीत दोन तास हीटर लावा किंवा ज्या तुकड्यावर काम करताय त्यावर केस वाळवायचा ड्रायर फिरवा. बेल्टच्या खांबावरची आवरणं आणि दाराखालच्या पट्ट्या सर्वात जास्त उन्हात राहिलेल्या असतात, त्यामुळे तेच भाग आधी तुटतात.

पहिलं काम बॅटरी सोडवणं. या गाडीत ती डिकीत, उजव्या बाजूला आहे. निगेटिव्ह तार काढा, टोक कापडात गुंडाळून बाजूला ठेवा. स्टीअरिंगच्या मध्यावर एसआरएस असं लिहिलेलं असेल तर गाडीत एअरबॅग आहे. जपानी बाजारातल्या त्या सालच्या अनेक गाड्यांत ती नसायची, पण बघून खात्री करा. एअरबॅग असेल तर तार काढल्यावर मी अर्धा तास काहीही हलवत नाही, आणि पिवळ्या जोडण्यांना मीटर लावत नाही. बॅटरी पुन्हा जोडेपर्यंत चावी फिरवू नका. इथे दुसरी एमएक्स-५ असलेल्यांसाठी एक इशारा: तिसऱ्या पिढीपासून बाजूची एअरबॅग सीटमध्येच असते, त्यामुळे खाली सांगितलेली सीट काढायची पद्धत तिथे जशीच्या तशी लागू पडत नाही.

सीट प्रत्येकी चार बोल्टांवर बसलेली आहे, डोकं १४ मिलिमीटरचं. आदल्या दिवशी संध्याकाळी चारही बोल्टांवर तेल मारून ठेवा. सीट पूर्ण मागे सरकवा, पुढचे दोन बोल्ट सैल करा पण काढू नका. मग सीट पूर्ण पुढे न्या, मागचे दोन पूर्ण काढा, पुन्हा मागे आणून पुढचे काढा. बोल्ट जाम असेल तर एकदम हिसका देऊ नका. थोडा सैल, थोडा घट्ट, पुन्हा तेल, पुन्हा सैल, असं करत बाहेर आणा. हे बोल्ट फरशीच्या पत्र्याला आतून डकवलेल्या नटांमध्ये जातात. नटाचे आटे मेले किंवा नट फिरायला लागला, तर एका बोल्टापायी फरशी उघडायची वेळ येते. म्हणून इथे घाई नाही. बोल्ट बाहेर येताना चुरचुर आवाज करत असेल तर थांबा, ती आट्यांमधली माती आहे. तेल मारून पुन्हा आत फिरवा.

बोल्ट निघाले म्हणजे सीट लगेच उचलायची नाही. ती मागे कलती करा आणि खाली हात घालून तारा आहेत का बघा. या गाडीच्या अनेक मॉडेलमध्ये डोक्याच्या उशीत स्पीकर आहेत आणि त्यांची जोडणी सीटखाली आहे. बक्कलच्या इशाऱ्याची तारही असू शकते. जोडणीची कडी दाबून सोडवा, तार धरून ओढू नका. मग दारावर आणि उंबऱ्यावर जाड रग टाका, कारण सीटच्या रेलची टोकं धारदार असतात आणि रंगावर हमखास ओरखडा काढतात. सीट सरळ वर, मग तिरकी करून बाहेर. एका माणसाला जमते, तरी दुसरा मदतीला असला तर टपाचं कापड आणि दाराचं पॅड वाचतं.

सीट बाहेर असताना सरकवायची कळ दाबू नका. डावी आणि उजवी रेल वेगवेगळी सरकली की दोन्ही बाजूंचे दात वेगळ्या खाचेत बसतात, मग बसवताना चार भोकं जुळत नाहीत आणि जुळवलीच तर सीट एकाच बाजूने अडकलेली राहते. हे चालताना कळत नाही, ब्रेक मारल्यावर कळतं. चुकून सरकलीच तर दोन्ही रेल एका टोकाला पूर्ण नेऊन पुन्हा सारख्या करा.

उंच माणसाला या गाडीत डोकं टपाला लागण्याची तक्रार असते. तुम्हाला असेल तर हीच वेळ आहे. बसायच्या गादीचं आवरण खालून तारेच्या कड्यांनी ओढून बसवलेलं असतं. त्या कड्या सोडवून फोमचा खालचा थर कापून कमी करता येतो. खालून कापा, वरून नाही, आणि एका वेळी थोडाच. कापलेला फोम जपून ठेवा, पुढच्या मालकाला उपयोगी पडेल.

कन्सोलसाठी गिअरची मूठ आट्यांची आहे, उलटी फिरवून निघते. हँडब्रेक पूर्ण वर घ्या. त्याआधी गाडी सपाट जागी ठेवून चाकांना ठोकळे लावा, कारण कन्सोल बाहेर काढताना तो पुन्हा सोडावाही लागू शकतो. स्क्रू पुढच्या दोन्ही बाजूंना, राखदाणीच्या आसपास आणि मागच्या झाकणाच्या कप्प्यात सापडतील. एखादा तुकडा निघत नसेल तर जोर लावण्याऐवजी राहिलेला स्क्रू शोधा, तो असतोच. काचा विजेवर चालणाऱ्या असतील तर त्यांची बटणं कन्सोलमध्येच आहेत, म्हणून तो मागून उचलून आधी जोडण्या सोडवा. इंधनाच्या झाकणाची कळही मागच्या कप्प्यात आहे, तिच्या केबलला ताण देऊ नका. कन्सोल निघाला की गिअरच्या दांड्याभोवतीची रबरी बुटं बघा. खालचं बूट फाटलेलं असेल तर पायापाशी येणारा उष्मा आणि गिअरबॉक्सचा आवाज तिथूनच येतो. ते आत्ताच बदला. पुन्हा हा कन्सोल काढायचा म्हणजे पुन्हा तीच जोखीम.

दारांच्या पॅडांवर थोडा जास्त वेळ द्या, कारण इथेच जास्त नुकसान होतं. आतलं पॅड हार्डबोर्डचं आहे, वर व्हिनाइल चढवलेलं. हार्डबोर्ड ओलाव्याने फुगतो आणि क्लिपची खाच भुसभुशीत होते. आतल्या हँडलच्या चौकटीतला आणि हात धरायच्या जागेतले स्क्रू काढा. हाताने फिरवायची काच असेल तर तिच्या मुठीमागे घोड्याच्या नालेसारखी एक बारीक क्लिप असते. मूठ आणि पॅड यांच्यामध्ये कापडाची पट्टी घालून दोन्ही हातांनी इकडेतिकडे घासली की ती उडून निघते, म्हणून डोळ्यांवर चष्मा असू द्या. मग खालच्या कोपऱ्यापासून सुरुवात करा. नायलॉनची पट्टी नेमकी क्लिपच्या शेजारी घाला. दोन क्लिपांच्या मध्ये उचकलं की बोर्ड वाकतो आणि खाच फाटते. सगळ्या क्लिपा सुटल्या की पॅड बाहेर ओढायचं नाही, वर उचलायचं आहे, कारण त्याची वरची कड काचेच्या फटीत अडकलेली असते.

त्यामागे काळ्या डिंकाने चिकटवलेला प्लास्टिकचा पडदा दिसेल. तो निरुपयोगी वाटतो म्हणून अनेकांनी फाडून टाकलेला असतो. त्याचं काम महत्त्वाचं आहे. काचेच्या फटीतून दारात पाणी जाणारच, तशीच रचना आहे, आणि ते दाराच्या तळातल्या फटींतून बाहेर पडतं. पडदा हे पाणी दाराच्या आत ठेवतो. पडदा नसेल तर तेच पाणी पॅडावर येतं, हार्डबोर्ड कुजतो आणि उरलेलं उंबऱ्यावरून कार्पेटवर उतरतं. नवा पडदा जाड प्लास्टिकचा कापता येतो, जुना नमुना म्हणून ठेवा. डिंकाची ब्युटाइल पट्टी विकत मिळते. खालची कड दाराच्या आतल्या बाजूला झुकलेली असली पाहिजे, म्हणजे ओघळ आतच राहतो. दाराच्या तळातल्या फटीही प्लास्टिकच्या काडीने साफ करा.

फुगलेलं पॅड टाकून देऊ नका. क्लिपेच्या खाचा फाटल्या असतील तर मागून पातळ प्लास्टिकचा ठिगळ इपॉक्सीने चिकटवून नवी खाच कापता येते. बोर्ड पूर्ण गेला असेल तर व्हिनाइल हळू सोलून नव्या बोर्डावर चढवा, जुना बोर्ड नमुना म्हणून वापरा. या गाडीचे सुटे भाग अजून मिळतात ही मोठी सोय आहे. पहिल्या पिढीच्या चार लाखांहून अधिक गाड्या बनल्या आणि माझदाने २०१७ मध्ये जपानमध्ये तिच्या पुनरुज्जीवनाचा कार्यक्रम जाहीर करून टपासारखे काही भाग पुन्हा बनवायला घेतले. तरी आतल्या बारीकसारीक प्लास्टिकच्या बाबतीत मूळ तुकडा वाचवणं हेच शहाणपणाचं.

दाराखालच्या पट्ट्या, बेल्टच्या खांबांची आवरणं आणि मागच्या कार्पेटच्या क्लिपा निघाल्या की कार्पेट मोकळं होतं. बेल्टचा खालचा बोल्ट काढावा लागेल, त्याचे वॉशर आणि स्पेसर कुठल्या क्रमाने आहेत त्याचा फोटो घ्या. हा बोल्ट दुसऱ्या कुठल्याही बोल्टाने बदलू नका. काढताना त्याच्याभोवतीचा पत्रा टोचून बघा. ब्रिटनच्या एमओटी तपासणीत, म्हणजे गाडी रस्त्यावर चालवायला सुरक्षित आहे का या वार्षिक सरकारी चाचणीत, सीटबेल्टच्या आधारापासून ३० सेंटिमीटरच्या आत पत्रा गंजून कमकुवत झाला असेल तर गाडी नापास होते, आणि ते योग्यच आहे. सिलचा मागचा भाग नेमका त्या अंतरात येतो.

पुढचं कार्पेट उचलताना प्रवाशाच्या पायापाशी सावकाश. १.६ लिटर इंजिनाच्या अनेक गाड्यांत इंजिनाचा कंप्यूटर तिथेच, कार्पेटखालच्या पत्र्याच्या झाकणामागे असतो. ओल तिथपर्यंत पोचली असेल तर जोडण्या काढून हिरवट पडलेल्या पिना तपासा. कार्पेटच्या खालचा जाड अस्तराचा थर पाणी धरून ठेवतो. वरून कोरडं वाटणारं कार्पेट उलटवलं की हात भिजतो. मास्क आणि हातमोजे घालून काम करा, ती बुरशी आहे.

जुनं कार्पेट फाटलेलं नसेल तर धुऊन बघा. कोमट पाणी, सौम्य साबण, मऊ ब्रश, मग उभं टांगून वाळवणं. ब्रिटिश हिवाळ्यात याला वेळ लागतो. घरात हवेतली ओल शोषणारं यंत्र लावून बंद खोलीत ठेवलं तर लवकर होतं. मूळ कार्पेट साच्यात घडवलेलं असल्यामुळे मधल्या बोगद्यावर नीट बसतं. स्वस्त नवी कार्पेटं शिवून जोडलेली असतात आणि तिथेच सुरकुत्या पडतात. माझा कल जुनं वाचवण्याकडे आहे, अस्तर मात्र नवं घाला.

फरशीवर डांबरी चादरीचे तुकडे चिकटवलेले दिसतील. ते घट्ट असतील तर राहू द्या. कडा सुटल्या असतील तर त्यांच्याखाली पाणी शिरलंय, तेवढे काढा. सुक्या बर्फाने ते कडक होऊन तडकतात आणि हातोडीच्या हलक्या ठोक्याने निघतात. हे काम उघड्या हवेत, जाड मोजे घालून. बंद गॅरेजमध्ये त्यातून निघणारा कार्बन डायऑक्साइड धोक्याचा असतो.

मग पत्रा. बोथट स्क्रूड्रायव्हरच्या टोकाने दाबत जा. वरवरचा गंज असेल तर तारेच्या ब्रशने घासा, गंज थांबवणारं रसायन, इपॉक्सी प्रायमर, सांध्यांना सीलंट, मग रंग. टोक आत गेलं तर तिथे वेल्डिंगच लागेल. फायबरग्लास आणि पुट्टीने सिल बुजवणं म्हणजे पाणी आत कोंडणं, आणि बाजूने धडक बसली तर ज्याच्यावर तुमचा जीव अवलंबून आहे तोच भाग नुसता दिसायला भक्कम ठेवणं. ते कोणाकडूनही करून घेऊ नका. ठिगळ लावताना कडेभोवती सलग वेल्ड हवा, अधूनमधून टाके चालत नाहीत. वेल्डिंगच्या वेळी आतलं सगळं काढलेलं आहे हा फायदाच आहे, नाहीतर अस्तर पेट घेतं. सगळं झाल्यावर सिलच्या पोकळीत मेणाचा फवारा मारा, पण खालची पाणी निघायची भोकं मोकळी ठेवा. सिलमध्ये पाणी साठलेलं सापडलं असेल तर मेण मारण्याआधी ते पूर्ण वाळू द्या.

आता बहुतेक जण चुकवतात ती पायरी. कार्पेट लगेच बसवू नका. सीट नुसत्या पत्र्यावर बसवा, फरशीवर आणि मागच्या कट्ट्यावर खडूची भुकटी किंवा टाल्कम पावडर भुरभुरवा, टप बंद करा आणि बागेच्या नळीने पाणी मारा. जोराची धार नको, पावसासारखं. खालून सुरू करून वर जा: आधी दारं, मग काचेच्या कडा, शेवटी टप. एक माणूस टॉर्च घेऊन आत बसू दे. पाणी जिथून येतं तिथून पावडरीत ओघळ दिसतो, आणि तो उलटा मागे नेला की उगम सापडतो. त्यानंतर गाडी दोन-तीन आठवडे तशीच, बिनकार्पेटची वापरा. आवाज होईल, पण खऱ्या पावसात काय होतं ते कळेल. तेवढ्यात फरशी कोरडी राहिली तरच कार्पेट.

कार्पेट बसवताना बोल्टांच्या जागा टोकदार आरीने खालून चाचपून शोधा आणि छोटा फुलीचा काप द्या. कार्पेटमधून ड्रिल कधीही चालवू नका, एक धागा पातीला गुंडाळला की रांगच्या रांग उसवत जाते. सीटच्या पायाखाली कार्पेटचा थर येऊ देऊ नका. पाय पत्र्यावर पत्रा असा बसला पाहिजे. मध्ये कार्पेट राहिलं तर ते दबत जातं आणि बोल्ट सैल पडतात. बोल्टाचे आटे तारेच्या ब्रशने साफ करा, भोकात व्हॅक्यूम फिरवा. चारही बोल्ट आधी हाताने, बोटांनीच, चार-पाच फेरे आत जाऊ द्या. एक पूर्ण घट्ट करून मग दुसरा शोधायला गेलात तर शेवटचा तिरका चढतो आणि आटे मरतात. मग वर्कशॉप मॅन्युअलमधल्या आकड्यावर टॉर्क पाना लावा. सीटबेल्टच्या बोल्टासाठी आकडा वेगळा आहे, तो अंदाजाने करू नका.

बॅटरी जोडण्याआधी सगळ्या जोडण्या एकदा मोजून घ्या: दोन्ही सीटचे स्पीकर, काचांची बटणं, बक्कल. सीट प्रत्येक खाचेत दोन्ही बाजूंनी अडकते का ते गाडी उभी असताना पाय रेटून बघा. एमओटीला चालकाची सीट घट्ट आहे का आणि पुढेमागे सरकते का हेही तपासलं जातं.

पुढे काय करायचं ते सिलवर अवलंबून आहे. कार्पेट निघाल्यावर मला तीन फोटो हवेत: दोन्ही बाजूंच्या बेल्टच्या खालच्या बोल्टाभोवतीचा पत्रा, मागच्या चाकापुढचं सिल बाहेरून, आणि ड्रेनमध्ये पाणी ओतल्यावर खाली ते कुठे पडतं ती जागा. त्यावरून वेल्डिंग लागेल की रंगावर भागेल ते सांगता येईल.